शंखावरचा अंगठा

"पापणी लवू देऊ नका म्याडम!" मगदूम डॉक्टर ओरडले आणि त्यांनी शेडमधला दिवा बंद केला.

ओरडण्यावाचून इलाज नव्हता. जयसिंगपुरात, त्यांच्या गुराढोरांच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी घोडीवर चढवलेलं मोटारीचं इंजिन पूर्ण ताकदीनं चालू होतं. बाहेर भर दुपार होती, पण खिडक्यांना पोती ठोकून डॉक्टरांनी आत काळोख केला होता. त्या काळोखात इंजिनाच्या कुशीला आधी एक तांबूस डाग दिसला. मग तो पसरला, लाल झाला, शेंदरी झाला, आणि बघता बघता टर्बोचं अख्खं बिडाचं घर आत दिवा लावल्यासारखं उजळलं. त्याच्यावर ओतलेले अंकसुद्धा वाचता येत होते. आत एक चाक मिनिटाला लाखावर फेरे घेत होतं. ते दिसत नव्हतं, फक्त त्याची शीळ कानात टोचत होती.

मी धातुशास्त्र शिकलेली बाई. नऊशे अंश म्हणजे काय, हे मी परीक्षेत दहा वेळा लिहिलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की मला ते माहीतच नव्हतं.

शेजारी आमच्या कारखान्यातली शेवंताक्का पदर नाकाला लावून उभी होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "धग किती वाया चाललीया बगा."

माझ्या चार वर्षांच्या अभ्यासाचं सार तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. टर्बो चालतो तो इंजिनानं टाकून दिलेल्या धुरावर. त्या धुराची धग जितकी टिकेल तितका चाकाला जोर, तितकी जास्त हवा इंजिनात, तितकी गाडी पळणार. डॉक्टरांना घाटातल्या शर्यतींचं वेड होतं. प्रत्येक वळणावर गाडी हळू झाली की धग बाहेर पळायची आणि टर्बो, त्यांच्याच शब्दांत, जांभई देत बसायचा. वर बाहेर पळालेल्या धगीनं शेजारची तेलाची नळी वितळून दोनदा त्यांची शर्यत अर्ध्या घाटात संपली होती. म्हणून ते आमच्याकडं आले होते. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता, आणि आमचं काम म्हणजे असल्या लोखंडाला फवारणीच्या गननं चिनीमातीच्या जातीच्या भुकटीचा पातळ थर देणं. तापलेल्या लोखंडाला वाकळ पांघरायची म्हणा ना.

"टिकंल न्हवं?" डॉक्टरांनी इंजिन बंद केल्यावर विचारलं. "तापून, गार होऊन, परत तापून? न्हाईतर पहिल्याच घाटात साल निघायची."

"वीस वेळा तापवू आणि वीस वेळा गार करू," मी ऐटीत म्हणाले. "टिकलं तरच गाडीवर चढवा."

परत येताना आमचे मालक, शिंत्रेसाहेब, ओम्नी चालवत होते. अक्का आणि फोरमन दिनकरराव पोवार मागं बसले होते. शिरोलीला अक्का उतरल्यावर साहेब मला म्हणाले, "म्याडम, ह्या जॉबचा अहवाल तुम्ही लिहायचा. पुण्याचे लोक, आपली मोठी गिऱ्हाइकं, सारखं विचारतात, गन कोण चालवतं, शिक्षण किती. मी काय सांगू? सातवी? थर टिकला तर गन अक्काकडं राहील. नाही टिकला तर तिला मास्किंगला बसवू आणि शिकलेला माणूस घेऊ. तुमचा कागद बोलेल तसं."

मास्किंग म्हणजे जिथं थर नको तिथं चिकटपट्टी लावत दिवसभर स्टुलावर बसणं. मी मान डोलावली. ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, लग्नाला सहा महिने झाले होते, आणि माझ्या कागदाला एवढं वजन आहे या कल्पनेनं मी जरा फुगलेच होते.

अक्काचा नवरा आमच्याकडं गन चालवायचा. तो हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा साहेबांनी अक्काला मास्किंगला घेतलं. चिकटपट्टी लावता लावता ती फवारणीच्या खोलीच्या काळ्या काचेतून बघत राहिली, आणि दोन वर्षांनी एका दिवशी गनवाला आला नाही म्हणून तिनं विचारलं, "म्या मारू का?" तेव्हापासून गन तिच्याकडं होती. गनच्या तोंडातून निघते ती ज्योत सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा तापलेली असते, हे मी तिला एकदा कौतुकानं सांगितलं होतं. "आसंल," ती म्हणाली, "पर सूर्याला कोन हातात धरत न्हाई."

तिचा एक नियम होता. थर देण्याआधी लोखंडावर बारीक खड्यांचा मारा करून ते खरखरीत आणि कोरं करतात. तसं कोरं झालं की त्याला कुणीही हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा. अक्का त्याला पांढऱ्या कापडात झाकायची आणि दारातूनच बजावायची, "हात लावू नगासा, शंख सोवळ्यात हाय." टर्बोच्या घराचा आकार तसाच असतो, म्हणून ती त्याला शंख म्हणायची. नवे कामगार हसायचे. मीही मनात हसायचे, पण शास्त्र तिच्या बाजूनं होतं. बोटावरचं तेल लोखंडाला लागलं की थर तेवढ्या जागी धरत नाही. दिसायला धरतो, आणि तापला की सुटतो.

त्याच महिन्यात साहेबांनी हजेरीचं नवं मशीन आणलं होतं. अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की आत. पहिल्या दिवशी सगळ्यांचे दिवे लागले, दोघींचे लागेनात. माझ्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळीनं केलेली एक खोल, तिरकी खूण आहे. मशीनला ती खाच पटेना. आणि अक्काचा अंगठा चिकटपट्ट्या आणि खडी यांनी इतका घासला होता की त्यावर रेघच उरली नव्हती.

"तुमचा फाटका, माझा गुळगुळीत," ती हसत म्हणाली. "चला, आपन दोगी वहीत सही करू."

त्यावरून दिनकरराव आम्हाला अंगठेबहाद्दर म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण पंचवीस वर्षं एका जागी काढलेल्या माणसाला वाटतं तसं त्यांना वाटायचं, की कारखाना आपल्यामुळं चालतो.

डॉक्टरांच्या शंखावरचा थर खंडेनवमीला मारायचा ठरला. साहेबांना मुहूर्त हवा होता. सकाळी आठला अक्कानं तो कोरा करून फवारणीच्या खोलीत फिरत्या पाटावर ठेवला, कापड घातलं आणि दार लावून घेतलं. दहा वाजता पूजा सुरू झाली. झेंडूच्या माळा कम्प्रेसरला, लेथला, ओम्नीला. नारळ फुटला, पेढे वाटले. मग दिनकरराव तबक घेऊन माझ्याकडं आले.

"म्याडम, गनला हळदीकुंकू तुमी लावा."

"मी? गन अक्काची आहे."

त्यांनी आवाज खाली आणला. "म्हायती हाय की तुमास्नी. आजच्या दिवशी तिला कसं सांगायचं? तुमी सवाष्ण हाय."

मी अक्काकडं बघितलं. ती नळावर आपले हात धूत होती, नको तितका वेळ. तिनं ऐकलं होतं. मी दोन क्षण घुटमळले. मग म्हटलं, कशाला सणाच्या दिवशी वाद घाला. साबणानं हात धुतले, पुसले, तबक घेतलं आणि आत गेले. अक्का काळ्या काचेच्या पलीकडं उभी राहिली.

करंगळीशेजारच्या बोटानं मी गनला हळद लावली, कुंकू लावलं. कंट्रोलच्या पेटीला लावलं. फिरत्या पाटाच्या कडेला लावलं. काचेवर टकटक झाली. अक्का हातानं खूण करत होती, शंखाला नको. मी मान हलवली. एवढं मला कळत होतं, मी इंजिनियर होते. शंखावरचं कापड एका बाजूला घसरलं होतं तेवढं सारखं केलं आणि बाहेर आले.

अक्का लगेच दिनकररावांकडं गेली. दोघांचं काही बोलणं झालं. ते हात उडवून म्हणाले ते मात्र मला ऐकू आलं. "पूजा झालेला जॉब परत खडीत घालायचा? येड लागलंय का? नवमीच्या दिवशी?" अक्का परत काही बोलली. "म्याडमनी हात धुतलेत, म्या बघितलंय. मुहूर्त टळतोय, मार."

मी तिकडं गेले नाही. माझ्या हातात पेढा होता.

अकराला अक्कानं डोकं-डोळे झाकणारं जाड टोपडं चढवलं. मी काळ्या काचेशी उभी राहिले. ही फवारणी मी तोवर शंभरदा बघितली असेल. आधी एक कडाड, मग कान बधिर करणारी गर्जना, आणि जांभळ्या-पांढऱ्या ज्योतीचा एक सुळका. त्यात भुकटी शिरते, वितळते, आणि थेंब थेंब लोखंडावर चापटून बसते. अक्का मूठ आवळून अंगठा वर करायची आणि गन नि लोखंड यांच्यात तेवढं अंतर नजरेनं धरायची. मी एकदा पट्टीनं मोजलं होतं, पुस्तकातल्या आकड्यापासून दोन मिलिमीटर इकडंतिकडं. हात डावीकडून उजवीकडं जायचा तो न थांबता, न घाईत, आणि पाट फिरत असताना थराची जाडी कुठंही केसभर कमीजास्त होत नव्हती. पाऊण तासानं गर्जना थांबली तेव्हा पाटावर पांढराशुभ्र शंख होता. देव्हाऱ्यात ठेवावा असा.

अक्कानं टोपडं काढलं. नेहमी ती अशा वेळी खूश असायची. त्या दिवशी ती नुसती शंखाकडं बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. तापवल्यावर कळंल."

दसऱ्याची सुट्टी झाली. एकादशीला आम्ही सगळे परत जयसिंगपूरला गेलो. डॉक्टरांनी पांढरा शंख इंजिनावर चढवला, कडेला हात पुसून नमस्कारही केला. मग तापवणं सुरू झालं. पाच मिनिटं पूर्ण ताकद, मग बंद, मग मोठ्या पंख्यानं गार. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी दिवा मालवला.

काहीच दिसत नव्हतं. इंजिन गर्जत होतं, शीळ पूर्वीपेक्षा लवकर चढली होती, मापकावर धुराची धग नऊशेच्या पुढं होती, आणि तिथं नुसता काळोख. आठ दिवसांपूर्वी ज्यावरचे अंक वाचता येत होते ते लोखंड अर्ध्या मिलिमीटरच्या थराखाली लपून बसलं होतं. मला एकदम भरून आलं. डॉक्टर मोठ्यानं हसत सुटले.

"आरं, हाय का न्हाई तितं?" ते ओरडले.

सात वेळा असंच झालं. आठव्या खेपेला, काळोखात, बारीक टिकली उडाल्यासारखा आवाज आला. अंधारात एक ठिपका पेटला. लाल, लांबट गोल, बोटाच्या पेराएवढा.

दिनकररावांनी हातच जोडले. "आई अंबाबाई! म्याडमनी लावलेलं कुंकू उमटलं!"

खरंच तसं दिसत होतं. काळ्या कपाळावर ठसठशीत कुंकू. मग डॉक्टरांनी दिवा लावून इंजिन बंद केलं.

"कुंकू कसलं," ते खिन्न होऊन म्हणाले. "साल निघाली. आन बरूबर नळीच्या बाजूला."

दिनकररावांचे हात हळूहळू खाली आले. देवीचा कौल गेला म्हटल्यावर त्यांना दुसरं काही हवं होतं. "साहेब, म्या आधीच म्हनत हुतो. नवमीचा मुहूर्त, आन हात कुनाचा? विधवा बाईचा."

"दिनकरराव, गप्प बसा," साहेब म्हणाले. मग अक्काकडं न बघता म्हणाले, "तसलं काही मी मानत नाही. पण थर सुटला हे खरं. अक्का, उद्यापासून मास्किंगला बसा. म्याडम, अहवालात घ्या."

अक्का म्हणाली, "व्हय."

एवढंच. ना खुलासा, ना रडणं. तिनं पदर खोचला आणि पंखा शंखावरून बाजूला वळवला, लोखंड सावकाश गार व्हावं म्हणून.

मी शंखाजवळ गेले. पांढऱ्या थरात एक करडा, लांबट गोल होता, आणि त्या गोलाच्या मधून एक पांढरी, तिरकी रेघ गेली होती. तेवढ्या रेघेत थर तसाच चिकटून होता. दिवा बंद असताना मी ती काळी रेघ बघितली होती, पण बघून न बघितल्यासारखं केलं होतं. माझा उजवा अंगठा आपोआप मुठीत गेला. कापड सारखं करताना मी शंख टेकू देऊन धरला होता. साबणानं धुतलेल्या अंगठ्यानं. माझं जे थोडंसं तेल, थोडासा घाम त्यावर होता तो लोखंडानं घेतला होता, आणि विळीची खाच टेकली नव्हती म्हणून तिथं घेतला नव्हता. सूर्यापेक्षा तापलेली ज्योत त्याच्यावरून गेली, सात वेळा नऊशे अंश झाले, तरी लोखंड विसरलं नव्हतं.

आणि मी गप्प बसले. हे लिहितानाही कानशिलं तापतात. साहेब होते, डॉक्टर होते, दिनकरराव होते, आणि मी नव्या नोकरीतली इंजिनियर बाई होते. शंख कापडात गुंडाळून मांडीवर घेतला आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मास्किंगच्या स्टुलावर होती. मी तिच्यासमोर खोकं ओढून बसले. ती चिकटपट्टी फाडत राहिली.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं."

"कापड सारकं करताना बगितलं. म्या काच वाजवली की."

"मला वाटलं कुंकू लावू नका म्हणताय."

"त्येबी म्हनत हुते."

"मग आत का नाही आलात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. रागाची नव्हती, नुसती सरळ होती. "पूजा चालू हुती, म्याडम. म्या कशी येनार आत?"

खोलीत पूजेचं तबक होतं म्हणून त्या खोलीचं काम जिच्या हातात, ती काचेबाहेर थांबली होती. आणि ज्या हाताला आत पाठवलं होतं, तो माझा.

"काल तरी बोलायचं," मी पुटपुटले.

"काय बोलू? विधवा बाई सवाष्णीवर आळ घेतीया म्हनले असते. तुमचंबी नाव जानार, माझंबी ऱ्हानार न्हाई." तिनं पट्टी दातानं तोडली. "म्या दिनकररावांस्नी बोलले हुते, परत कोरा करू या. त्यास्नी पटलं न्हाई. पुसायचं म्हटलं तर तेल पसरतं. मारला तसाच. चूक माझीबी हायच. मारायला नको हुता."

त्या वाक्यानं मला उठवलं. ती माझ्या अंगठ्याची वाटणी आपल्याकडं घेत होती.

मी शंख उचलला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. दिनकरराव तिथं चहा पीत होते. मी अक्कालाही हाक मारून बोलावलं. शंख टेबलावर ठेवला, तो करडा गोल वर केला आणि माझा उजवा अंगठा त्यावर टेकवला. गोल झाकला गेला. मग अंगठा उचलून साहेबांपुढं धरला.

"ही विळीची खूण. आणि ही तिथली रेघ. हा माझा अंगठा आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा लावला. अंगठा बघितला, शंख बघितला, परत अंगठा बघितला. मशीनला दहा दिवसांत जमलं नव्हतं ते त्यांना अर्ध्या मिनिटात जमलं.

"तुमी तर हात धुतले हुते!" दिनकरराव म्हणाले.

"धुतले होते. लोखंडाला सवाष्णीचा हात आणि विधवेचा हात यांतलं काही कळत नाही, दिनकरराव. कोरं कळतं आणि बरबटलेलं कळतं. अक्कानं तुम्हाला सांगितलं होतं, परत कोरा करू."

त्यांनी कप खाली ठेवला. शंखावरची रेघ त्यांनी जवळ येऊन बघितली. मग म्हणाले, "सांगितलं हुतं, साहेब. म्याच न्हाई म्हटलं." त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी जरा बदललं.

अहवाल मी तिथंच उभ्यानं लिहिला. चार ओळींचा होता. जिथं शेवंता सुतार यांचा हात पोचला तिथं थर टिकला. जिथं माझा पोचला तिथं उडाला. उडालेली जागा सोडून बाकी थर निर्दोष आहे. गन त्यांच्याकडंच राहावी.

"सही?" साहेब म्हणाले.

मी शिक्क्याचं पॅड पुढं ओढलं, उजवा अंगठा शाईत दाबला आणि कागदाखाली उठवला. तिरकी पांढरी रेघ मधोमध स्पष्ट आली.

"अहो, इंजिनियर बाई तुम्ही, अंगठा काय उठवताय?"

"सहीवरून हात कुणाचा ते कळत नाही."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग बाहेर गेले आणि देवाजवळचं तबक स्वतः घेऊन आले. "अक्का, आज परत मारायचा. आधी गनला कुंकू तुम्ही लावा."

अक्का जागची हलली नाही. तिनं तबकाकडं बघितलं आणि म्हणाली, "आता नगो, साहेब. हात बरबटतो. जॉब झाल्यावर लावते."

तिनं जुना थर सगळा काढला, शंख पुन्हा कोरा केला, पुन्हा मारला. मी या वेळी काचेबाहेर होते, आणि हात पाठीमागं बांधून उभी होते. गन गार झाल्यावर अक्का तबकाशी गेली. कुंकवात बोट बुडवून ती थोडी थांबली. मग गनला लावलं. कपाळाकडं हात नेला नाही, आणि कुणी नेण्याचा आग्रहही केला नाही. दिनकरराव तबक धरून उभे होते.

जयसिंगपुरात वीस वेळा तापवला, वीस वेळा गार केला. विसाव्या वेळी डॉक्टरांनी दिवा मालवला आणि आम्ही पाच जण त्या गर्जनेत, त्या ठार काळोखात उभे होतो. मला माहीत होतं की हातभर अंतरावर लोखंड वितळायच्या गोष्टी करतंय. तरी डोळ्यांना काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. उजेडानं माणूस थक्क होतो हे ठीक. अंधार बघून मी पहिल्यांदा थक्क झाले.

घाटातल्या शर्यतीत डॉक्टर तिसरे आले. नळी वितळली नाही, आणि वरच्या वळणांवर टर्बोनं जांभई दिली नाही, असा त्यांचा फोन आला. पुण्याच्या लोकांना काय सांगितलं, ते साहेबांनी मला कधी सांगितलं नाही. पण शिकलेला माणूस कुणी आला नाही, आणि अक्का गनवरच राहिली.

चार वर्षांनी तो शंख परत आला. डॉक्टरांनी जुनं इंजिन काढलं होतं आणि हे टर्बोचं घर त्यांनी पेढ्यांबरोबर आम्हाला पाठवून दिलं होतं. पांढरा रंग धुरानं पिवळट झाला होता. चार हंगाम, किती घाट, किती वेळा तापलं आणि निवलं कुणास ठाऊक. अक्का तेव्हा काम सोडायच्या बेतात होती, मुलाकडं इचलकरंजीला जाणार होती. तिनं शंख कानाशी धरला आणि रुपयाच्या नाण्यानं त्यावर हळूहळू ठोकत गेली. सुटलेल्या जागी भद्द आवाज येतो. ती सगळीकडून फिरली. सगळीकडं टणक, एकसारखा आवाज आला. जिथं माझा अंगठा होता तिथंही.

मी दोन पावलं लांब उभी होते. सवयीनं हात पाठीमागं होते.

अक्कानं शंख माझ्यापुढं धरला.

"घ्या, म्याडम," ती म्हणाली. "आता लावा हात. सोवळं सुटलं."